साडूचा तुकडा

ऑफिसातल्या सगळ्यांनी आपापले कामाचे तुकडे एका सामायिक जागी ठेवायचे, ही कल्पना मूळची मास्तरांची. तुकडे म्हणजे कोडचे तुकडे. तारीख नीट वाचणारा, नावातली जास्तीची मोकळी जागा काढून टाकणारा, लांबलचक यादी पानापानाने दाखवणारा. एकाने डोकं फोडून लिहिलेलं दुसऱ्याने पुन्हा लिहायला बसू नये, एवढाच हेतू. त्या जागेला फडताळ हे नावही मास्तरांनीच दिलं. पाहिजे ते काढून घ्या, फक्त वर एक ओळ ठेवा: साभार, अमुक यांच्याकडून. ती ओळ मशीन वाचत नाही, माणसं वाचतात. मास्तर तर ती फारच वाचत. सकाळी आल्या आल्या, पहिला चहा व्हायच्या आत, 'साभार, मास्तर' असा शोध घ्यायचा आणि आपण कुठे कुठे पोहोचलो ते पाहायचं, हा त्यांचा नित्यनेम होता. कुणाला कळू नये म्हणून ते खुर्ची जरा तिरकी करून बसत. सगळ्यांना माहीत होतं.

मास्तर हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण चपखल होतं. अडलेल्याने त्यांच्या टेबलाशी जायचं, "मास्तर, जरा बघता का?" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. मास्तर कीबोर्ड आपल्याकडे ओढत, काही ओळी खोडत, काही लिहीत आणि कीबोर्ड परत सरकवत. "घे. चालेल." आणि चालायचंच. का चालेल हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्यांच्या तारखेच्या तुकड्यावर तर निम्मं ऑफिस उभं होतं. मास्तर पगारवाढीचा महिना विसरत, स्वतःचा वाढदिवस विसरत. पण टेबलाशी कुणीच फिरकलं नाही अशी एखादी दुपार गेली, तर ती त्यांच्या आठवडाभर लक्षात राही.

अशा सगळ्या सुखात साडू आला, आणि त्याला आणलं मास्तरांनीच. साडू म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोही प्रोग्रॅमर. त्याची आधीची कंपनी बंद पडली, मेहुणीचा चेहरा उतरला, सासूबाईंनी जेवता जेवता उसासे टाकले आणि बायकोने मास्तरांकडे नुसतं पाहिलं. मास्तरांनी मॅडमकडे शब्द टाकला. मॅडम म्हणजे ऑफिसच्या प्रमुख. बोलायच्या कमी, पण बोललेलं विसरायच्या नाहीत. साडूला काही महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम पटलं तर कायम, नाहीतर नमस्कार. पहिल्या दिवशी मास्तरांनी त्याला टेबलाटेबलाशी फिरवून "हे माझे साडू" अशी ओळख करून दिली. त्यांचा जोर 'माझे' या शब्दावर होता. लोकांनी तो गाळला आणि पुढचा तेवढा उचलला. रिसेप्शनवरची मुलगी त्याला साडू म्हणू लागली, चुका शोधणारी टेस्टर म्हणू लागली, पुढे मॅडमसुद्धा म्हणू लागल्या. मास्तरांचा एकट्याचा नातेवाईक बघता बघता अख्ख्या ऑफिसचा नातेवाईक होऊन बसला.

दर बुधवारी दुपारी सगळे मोठ्या टेबलाभोवती जमत आणि कुणीतरी आपला एक तुकडा किंवा कामातली एखादी युक्ती वाचून दाखवी. साडूने आपल्या पहिल्या बुधवारी नावं कशी ठेवावीत यावर सांगितलं. फंक्शनला, म्हणजे कोडमधल्या एकेका कामाला, असं नाव द्यायचं की आपण सुट्टीवर असताना कुणाचा फोन येता कामा नये, झालं. मग त्याने स्वतःचंच जुनं, लाज वाटावी असं कोड पडद्यावर लावलं. त्यात एका फंक्शनचं नाव होतं 'हे_कर', दुसऱ्याचं 'हे_पण_कर' आणि तिसऱ्याचं 'आता_तरी_कर'. लोक पोट धरून हसले. मास्तरही हसले, पण जरा उशिरा.

शिवाय साडूला एक खोड होती. फडताळात तुकडा ठेवला की त्याखाली साध्या भाषेत तो लिहायचा: हे असं का केलंय, कसं चालतं, आणि कुठे अजिबात वापरू नका. मास्तरांना हा फाजीलपणा वाटला. तुकडा चांगला असेल तर त्याला शेपूट कशाला? पण लोक शेपूट वाचायला लागले. वाचून झालं की आणखी विचारायला त्याच्याकडे जायला लागले. साडूचं टेबल दाराजवळ आहे, येता-जाता सोयीचं पडतं, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं. पुढे टेबलांची जागा बदलली, साडू कोपऱ्यात गेला, तर गर्दीही कोपऱ्यात गेली.

आता मास्तर सकाळी दोन शोध घ्यायला लागले. पहिल्याचा आकडा जागचा हलत नव्हता. दुसऱ्याचा रोज चढत होता. एकदा तर त्यांच्या स्वतःच्या जुन्या कोडमध्ये, कुणीतरी दुरुस्ती करताना, 'साभार, साडू' अशी ओळ येऊन बसलेली त्यांना दिसली. घरी परतल्यावर आपल्या खुर्चीत परका माणूस पाय पसरून बसलेला दिसावा, तसं त्यांना झालं.

घरीही सुटका नव्हती. सासूबाई थोडे दिवस थोरल्या लेकीकडे, थोडे दिवस धाकटीकडे असत. मास्तरांकडे असताना त्यांचा फोन अडला की मास्तर तो हातातून घेत, दोन-चार ठिकाणी बोटं मारत आणि परत देत. एका संध्याकाळी त्यांनी हात पुढे केला, तर सासूबाईंनी फोन छातीशी धरला. म्हणाल्या, राहू द्या, धाकट्यांना विचारते. मोठे जावई करून देतात, धाकटे शिकवतात. वर कौतुकाने असंही म्हणाल्या की आता त्यांना फोटो पाठवता येतो, तोसुद्धा अख्ख्या ग्रुपला न जाता एकाच माणसाला. त्या सहज बोलल्या. मास्तरांनी पुढे केलेला हात खिशात घातला.

बायको फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे आणि पाठी चोळून तिच्या बोटांना कुठलं दुखणं खरं आणि कुठलं आणलेलं ते लगेच कळे. त्या दिवशी मास्तरांनी खांदा आखडल्याची तक्रार केली. तिने दाबून पाहिला आणि हात काढून घेतला.

"खांदा ठणठणीत आहे तुमचा," ती म्हणाली. "दुखतंय ते पोटात."

मास्तरांनी मान फिरवून पेपर उघडला. ती आपल्या कामाला लागली, हे तर जास्तच झोंबलं.

खरी ठिणगी पडली ती मॅडमच्या एका वाक्यामुळे. नवं मोठं काम येत होतं. त्याची आखणी, म्हणजे कुठले भाग कसे रचायचे, कुणी कुणाशी कसं बोलायचं, हे सगळं एकाच्या हाती द्यायचं आणि फडताळाची देखरेखही त्याच्याकडेच सोपवायची, असं त्यांनी जाहीर केलं. माणूस महिनाअखेर ठरवू म्हणाल्या. साडूची बोलीही त्याच सुमाराला संपत होती. एक वर्षापूर्वी असा प्रश्नच उठला नसता. आता कॉफीच्या मशीनपाशी टेस्टर कुणाला तरी सांगताना मास्तरांनी ऐकलं, की मास्तर लिहितात उत्तम, पण त्यांचं लिहिलेलं समजावणार कोण? मास्तर मशीनपाशी न जाता तसेच मागे फिरले.

त्याच आठवड्यात, बुधवारी, साडूने आपला 'पुन्हा पाठव' हा तुकडा वाचला.

ऑफिसचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक धुलाई कंपनी. हॉटेलं, वसतिगृहं, दवाखाने आपल्या मळक्या चादरींची वर्दी देत. प्रोग्रॅम ती कंपनीला कळवी आणि कंपनीची गाडी जाऊन गाठोडं उचले. कधी कधी इंटरनेटची जोडणी तुटे आणि निरोप हवेत विरे. साडूचा तुकडा त्यावर होता. निरोप पाठवायचा, उत्तराची वाट पाहायची, नाही आलं तर जरा थांबून पुन्हा पाठवायचा, तरीही नाही आलं तर आणखी जास्त थांबून पुन्हा. थांबण्याची रचना तर इतकी देखणी होती की ती आपल्याला का सुचली नाही, असं मास्तरांना वाटून गेलं. लोकांनी त्याच दुपारी तो तुकडा उचलला. हॉटेलांचा भाग सांभाळणाऱ्याने घेतला, वसतिगृहांचा सांभाळणारीने घेतला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मास्तर तो तुकडा घेऊन बसले. सासूने सुनेची आमटी चाखावी तसा त्यांनी तो ओळीओळीने चाखला. मीठ बरोबर, तिखट बरोबर. ते कंटाळून उठणार, इतक्यात सापडलं. निरोप पोहोचला, समोरच्याने गाडी धाडली, पण 'पोहोचला' हे उत्तरच वाटेत हरवलं तर? हा पठ्ठ्या समजणार की निरोप गेलाच नाही, आणि पुन्हा सांगणार, गाडी धाड. एका दाराशी दोन गाड्या. उपाय सोपा होता. प्रत्येक निरोपाला एक खूण लावायची. तीच खूण दुसऱ्यांदा आली तर समोरच्याने गप्प बसायचं. धुलाई कंपनीकडे तशी सोय होतीही, साडूने ती वापरली नव्हती एवढंच. खाली भलंमोठं शेपूट लिहिलं होतं, कुठे वापरू नका वगैरे, पण त्यात हे नव्हतं.

मास्तरांना आनंद झाला. खोटं कशाला बोला, लेकीचा निकाल लागला तेव्हाही त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सांगायचं, हे त्यांच्या मनात होतं. ते कप घेऊन उठलेही. पण साडूच्या टेबलाशी घोळका होता, आणि त्यात टेस्टर होती. ती कुणाच्या बापाचं कौतुक करत नसे. चुका काढण्याचाच पगार घेते, असं स्वतःच म्हणायची. ती साडूला सांगत होती, की सगळे असं लिहायला लागले तर माझी नोकरी जाईल. साडू लाजून हसत होता. मास्तर तसेच पुढे चालत गेले आणि धुतलेला कप पुन्हा धुऊन आले.

मग सांगायचं राहिलं. आधी ते स्वतःशी म्हणाले, लहान आहे का तो, कळेल त्याचं त्याला. मग म्हणाले, असं होतं तरी किती वेळा. आणि शेवटी खरं ते म्हणाले: होऊ दे. एकदा सगळ्यांच्या देखत आपटू दे, मग उचलायला मी आहेच. त्यांना साडूचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. साडू पडलेला असावा आणि हात द्यायला आपण उभे असावं, एवढंच त्यांना हवं होतं.

तरी पंचाईत झालीच. दवाखान्यांचा भाग मास्तरांकडे होता आणि तिथेही निरोप हरवत. दुसरा तुकडा लिहून पाहिला, तो साडूच्या तुकड्याच्या पासंगालाही पुरेना. अखेर त्यांनी दात-ओठ खात साडूचाच घेतला आणि त्यात खूण लावून टाकली. वरची 'साभार, साडू' ही ओळ खोडायला एक कळ पुरते. ती त्यांनी दाबली आणि उगाचच खोलीत इकडे तिकडे पाहिलं.

महिना संपत आला असताना एका सकाळी धुलाई कंपनीकडची जोडणी डळमळली. निरोप पोहोचत होते, उत्तरं हरवत होती, नेमकं तेच. फोनवर फोन यायला लागले. एका हॉटेलाच्या मागच्या दाराशी दोन गाड्यांचे ड्रायव्हर एकाच गाठोड्यावरून हमरीतुमरीवर आले होते. गाड्या अशा दुहेरी अडकल्यामुळे वसतिगृहांकडे एकही पोहोचली नव्हती. साडू पांढराफटक पडून पडद्याला चिकटला होता. त्याला काही सुचत नव्हतं. मास्तर उठले, त्याच्या खांद्यावरून वाकले आणि शांतपणे म्हणाले, की आधी पुन्हा पाठवणंच दोन्हीकडे बंद कर. गाड्या सुटल्या, फोन थांबले. हात देऊन झाला होता. मास्तरांना वाटलं होतं त्यापेक्षाही ते गोड लागलं.

दुपारी मॅडमनी सगळ्यांना मोठ्या टेबलाशी बोलावलं. काय झालं, कसं झालं, ते साडूनेच सांगितलं; काही लपवलं नाही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मास्तरांकडे वळल्या.

"दवाखान्यांच्या गाड्या मात्र बिनबोभाट गेल्या. तिथेही हाच तुकडा आहे का?"

या प्रश्नाची मास्तर किती दिवस वाट पाहत होते. आंघोळ करताना त्यांनी त्याचं उत्तर घोळवलं होतं. आहे हाच, ते म्हणाले, पण मी प्रत्येक निरोपाला खूण लावून घेतली होती. आणि त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी 'का' ते सांगितलं. निरोप आणि उत्तर ही दोन वेगळी माणसं समजा, एक पोहोचतो आणि दुसरा वाटेत चुकतो, असं करत करत त्यांनी ते इतकं सोपं करून मांडलं की रिसेप्शनवरची मुलगी, जी नुसती चहा सांगायला आत आली होती, तीसुद्धा दारात थांबून ऐकत राहिली. सगळे माना डोलावत होते. मास्तरांना उमगलं, की समजावता येतं की आपल्यालाही, आणि काय मजा असते त्यात.

"कधी लावलीत खूण?" टेस्टरने विचारलं. तिने सवयीने विचारलं होतं, डाव साधून नव्हे.

"घेतला तेव्हाच," मास्तर ताठ मानेने म्हणाले. आणि मग त्यांना स्वतःचं बोलणं ऐकू आलं.

टेस्टरच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. वसतिगृहांचा भाग सांभाळणारी सकाळपासून लोकांच्या शिव्या खात होती. तिने मास्तरांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"म्हणजे तुम्हाला इतके दिवस..." मॅडमनी वाक्य पुरं केलं नाही.

"मला सांगितलं होतं त्यांनी," साडू म्हणाला. तो टेबलाकडे बघत होता. "तेव्हाच सांगितलं होतं. माझ्याकडून बदलायचं राहून गेलं."

मॅडमनी त्याला पुन्हा विचारलं, की सांगूनही राहून गेलं? तो हो म्हणाला. टेस्टरच्या भुवया खाली आल्या. चूक होणं समजण्यासारखं आहे, मॅडम म्हणाल्या, पण सांगितलेली चूक तशीच ठेवणं वेगळं. तुम्हाला कायम करण्याचं तूर्त थांबवू. साडूने मान हलवली. मास्तरांनी तोंड उघडलं नाही. उघडायला कितीसा वेळ लागतो? पण त्यांची जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच, आणि खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, बैठक संपली.

मग मास्तरांवर नुसती खैरात सुरू झाली. माणसं त्यांच्या टेबलाशी यायला लागली. ती खूण पुन्हा एकदा समजावता का, म्हणून टेस्टर स्वतः येऊन बसली. जाता जाता मॅडम म्हणाल्या, की नव्या कामाची आखणी तुमच्याकडेच द्यावी म्हणते. घरी पोहोचेपर्यंत बातमी मास्तरांच्या आधी पोहोचली होती. मेहुणीने रडत फोन केला होता: हे असे कसे विसरले, भावोजींनी बजावून सांगितलेलं! बायकोने मास्तरांना बसायला सांगितलं आणि न मागता खांदे दाबून दिले. म्हणाली, मी उगाच तुम्हाला बोलले त्या दिवशी. सासूबाईंनी तर कमालच केली. फोन मास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्हीच बघा, धाकट्यांचं हल्ली लक्ष ठिकाणावर नसतं.

इतके महिने ज्या ज्या गोष्टीसाठी मास्तर झुरले होते, ती ती गोष्ट त्यांच्यापुढे ताटात वाढून आली होती. आणि त्यांना एक घास जाईना, कारण वाढणारा साडू होता. टेबलाशी आलेली माणसं त्याने पाठवली होती. आखणीचं काम त्याने दिलं होतं. बायकोचे हात, सासूबाईंचा फोन, सगळं त्याच्या मेहेरबानीवर होतं, आणि त्यासाठी त्याने आपली नोकरी पणाला लावली होती. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. साडूचं कोड आपल्यापेक्षा सरस, हे दुःख त्यांनी कसंबसं पचवत आणलं होतं. माणूसही सरस निघाला, हे म्हणजे फारच झालं.

सकाळी ते शोध न घेताच मॅडमच्या खोलीत गेले. आता इथे कुणाला वाटेल की मास्तरांना पश्चात्ताप झाला. झाला होता, चिमूटभर. बाकी सगळा हेवाच होता. बसायला सांगायच्या आत त्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: मी साडूला काही सांगितलं नव्हतं. मला दिसलं होतं आणि मी गप्प बसलो.

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "मग काल का नाही बोललात?"

"काल सुटलो होतो."

"आणि आज?"

"त्याने सोडवलं, ते सहन होत नाही."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी मोजक्या शब्दांत निकाल दिला. आखणीचं काम तुम्हाला नाही. साडूने तुकड्यात चूक केली, तेवढीच त्याची चूक. त्याची नोकरी कायम. झालेलं सगळ्यांना बुधवारी तुम्हीच सांगायचं. मास्तर बरं म्हणाले. बाहेर पडताना त्यांना जरा मोकळं वाटत होतं. साडूपेक्षा एक पाऊल तरी पुढे टाकलं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. माणूस कुठे कुठे शर्यत लावील, सांगता येत नाही.

साडू मागच्या जिन्यात एकटाच कॉफी पीत उभा होता. मास्तरांनी त्याला सांगितलं. तो आभार मानेल, नको नको म्हणेल, डोळे पुसेल, अशी मास्तरांची तयारी होती. साडूचा चेहरा लाल झाला.

"कशाला सांगितलंत?" तो म्हणाला. "मी केलं होतं ना एवढं तुमच्यासाठी?"

"म्हणूनच सांगितलं."

"दादा, तुम्हाला वाटतं मी तुमच्यासाठी केलं?" साडूने कप कठड्यावर ठेवला. "लग्न झाल्यापासून ऐकतोय. मोठे जावई असे, मोठे जावई तसे. मास्तरांकडून शिका. इथली नोकरीसुद्धा तुमच्या शब्दावर. तुमचा तारखेचा तुकडा मी दहा वेळा वाचला, त्यात काढायला एक चूक सापडली नाही मला. मी खाली एवढं मोठं का लिहितो माहितीय? वर तुमच्यासारखं लिहिता येत नाही म्हणून. काल वाटलं, एकदा, फक्त एकदा, यांनी माझ्या उपकारात राहावं. जन्मभर माझ्याकडे बघून मान खाली घालावी. तेवढंही राहू दिलं नाहीत."

मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. ते इतके महिने जळत होते, आणि पलीकडे हाही जळतच होता. त्यांना काही तरी मोठं, लक्षात राहील असं बोलायचं होतं. तोंडातून "मीही" एवढंच आलं. साडूने ते ऐकलं आणि तो बाजूला बसला. खाली कुणीतरी दार उघडलं आणि पुन्हा लावलं.

थोड्या वेळाने साडू म्हणाला, की हॉटेलांच्या आणि वसतिगृहांच्या भागात पुन्हा पाठवणं अजून बंदच आहे. खूण लावून ते सुरू करायला हवं. तो उठायला लागला.

"तू थांब," मास्तर म्हणाले. "मी लावतो."

"माझा तुकडा आहे, दादा."

"असू दे. माझ्या हातून ते जास्त नीट होईल."

साडूने कप उचलला, त्यातली थंड कॉफी एका घोटात संपवली.

"तेच तर सलतं," तो म्हणाला.